नवरीच्या चुड्याचा भाव

जळगाव जामोदच्या बसस्टँडसमोर माझा टिकल्या-पिनांचा ठेला आहे. तिथं अजूनही अधूनमधून एखादी बाई थांबते, शेजारच्या मोकळ्या जागेकडं बघते आणि विचारते, “ते ‘धरू काय’वाली बुढी कुठी गेली वं?”

मी सांगते, “मावशी वारली.” बाई “अवं माय” म्हणते, स्वतःच्या मनगटाकडं बघते आणि निघून जाते. नाव कुणी विचारत नाही. नाव फार जणींना माहीतच नव्हतं. तिचं नाव पंचफुला. मी फुलामावशी म्हणायचे.

बांगड्या भरणारी कुठलीही बाई गिऱ्हाइकाचं मनगट सरळ ओढून घेते. मावशीचं तसं नव्हतं. समोर बाई बसली, रंग पसंत केला, माप ठरलं, की मावशी आपला पंजा उताणा पुढं करायची आणि विचारायची, “धरू काय?” नव्या बायका गोंधळायच्या. बांगड्या भरायला आलोय म्हणजे धरणारच की! पोरी एकमेकींना कोपरानं ढोसून हसायच्या. पण समोरून ‘हाव’ आल्याशिवाय मावशी हात धरत नसे. एकदा कॉलेजची एक मुलगी मस्करीत “नाई” म्हणाली. मावशीनं बांगड्या कागदात बांधून तिला दिल्या. “मंग घरी नेऊन तूच भर. साबन लावजो,” म्हणाली आणि पुढच्या बाईकडं वळली. ती मुलगी बराच वेळ तिथंच उभी होती.

मी इकडची नव्हे. माझं गाव कोल्हापूरच्याही खाली, घाटाच्या तोंडाशी. भात आणि नाचणीचा मुलूख. शाळा सहावीत सुटली. नवरा बोअरवेलच्या गाडीवर होता. त्याच्याबरोबर फिरत फिरत इथवर आले. स्टँडमागं त्यानं एक खोली घेतली, “एक खेप मारून येतो” म्हणाला आणि गेला. फोन लागेना. मी रोज सकाळी स्टँडसमोर येऊन बसायचे, कुठली बोअरची गाडी दिसते का बघत. इथली बोलीही कानाला नवी. कुणी जोरात ‘काऊन’, म्हणजे ‘का’, म्हटलं तरी मला वाटायचं, आपल्यालाच रागावला.

घरी फोन केला. बाप म्हणाला, “थोडे दिवस तिकडंच काढ. सुमनचं जमतंय. तू अशी दारात आलीस तर पाव्हणं विचारतील.” सुमन माझी धाकटी बहीण. तिच्यामागं आणखी एक होती. बापाला मी वाईट म्हणत नाही. त्याचा आवाज फार बारीक झाला होता.

त्या दिवसांत शेजारच्या बांगड्यांच्या हातगाडीवरून आवाज आला, “कोन्या गाडीची वाट पाहून राह्यली वं रोज?”

मी सांगितलं. सांगता सांगता रडले. मावशीनं मध्ये एकदाही ‘अरेरे’ केलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाली, “माह्या गाडीच्या कडेले टिकल्याचा टरे लावून बस. पन बसाच्या आधी ऐकून घे. मी लय वर्स धंदा केला. मलकापुराकडं, लाइनीत. उद्या दुसऱ्या कोनाकडून समजन, अन् म्हनशीन मावशीनं सांगतलं नाई.”

मला भ्या वाटलं. खोटं कशाला सांगू. पण पोटात काही नव्हतं, आणि तिनं बोलता बोलता डबा उघडून दोनातली एक भाकरी माझ्याकडं सरकवली होती. मी बसले. ती मात्र उभ्यानंच जेवली. नंतर माझ्या लक्षात आलं की मावशी कधीच बसून जेवत नाही. गाडीला टेकून, एका हातावर भाकरी, तिच्यावर ठेचा, नजर रस्त्याकडं. कुठली तरी बस गाठायची आहे अशी. मी विचारलं तर म्हणायची, “मांडी मोडली तं गुडघे उठू देत नाई.” पण बांगड्या भरताना तीच बाई पोत्यावर तासन्‌तास मांडी घालून बसायची.

बांगड्या भरायला तिला मुमताजबीनं शिकवलं. मुमताजबी त्या लाइनीत बांगड्या घेऊन यायची. इतर विकणारे दारातूनच माल द्यायचे, ही आत येऊन बाजेवर बसायची. मावशी सांगायची, “त्या गल्लीत माह्या हाताले हात लावाच्या आधी इचारनारी ते एकलीच. ‘पकडूं क्या, बेटी?’ म्हने. पहिल्या खेपेले मले समजलंच नाई, हे काय इचारून राह्यली.” मुमताजबी थकली तेव्हा तिची पेटी मावशीनं घेतली, आणि तो प्रश्नही.

तिच्या अंगठ्याच्या बुडाशी हाड वर आलेलं होतं, आत सुपारी अडकल्यासारखं. स्वतःच्या हातात बांगडी चढवताना तिला तिथं नेहमी त्रास व्हायचा. दुसऱ्यांच्या हातात मात्र ती बोटांची हाडं अशी दाबून एकावर एक आणायची, की पंजा बोटभर अरुंद व्हायचा आणि काच सुळकन मनगटावर उतरायची. क्वचित एखादी तडकलीच तर ‘फुटली’ म्हणायचं नाही. ‘वाढली’ म्हणायचं. भरून झाल्यावर वरची एक फुकट. आणि मग रीतीप्रमाणं बाई वाकून तिला नमस्कार करायची. बांगड्या भरणारीला नमस्कार करायचा असतो. मग ती कुणी का असेना. मावशी त्या वेळी दुसरीकडं बघायची.

तिला बोलायला आवडायचं ते लग्नावर. बाजारात वाढलेली बाई, बोलणं बाजाराचंच. “लग्न म्हंजे ठोक अन् आमचं किरकोळ,” ती म्हणायची. “किरकोळीत नगाले भाव जास्त भेटते. पन उद्या आजारी पडली, म्हातारी झाली, तं पाहाले कोनी नाई. ठोकात भाव पडते, पन म्हातारपनाची सोय त्याच सौद्यात धरलेली असते. म्हनून बाया ठोकात जातेत. त्याईले नाव नाई ठेवत मी.”

“आणि नवऱ्यानं टाकलं तर?” मी विचारलं.

“तं मंग दोनी गेलं.” माझा चेहरा पडलेला बघून तिनं पाठीवर थाप मारली. “बोलाची गोष्ट हाय वं. तू काई माल नाई. मले हे समजाले लय वर्स लागले, तुले आजच सांगून ठेवते.”

हल्ली इकडं शेती असलेल्या पोरांनाही मुली मिळत नाहीत. मध्यस्थ लांबून, परमुलखातून मुली आणतात. असा एक मध्यस्थ एकदा मुलीला घेऊन गाडीवर आला. मुलीला मराठी येत नव्हतं. “भरा हिरव्या,” तो म्हणाला. मावशीनं त्याच्याकडं न बघता पंजा पुढं करून मुलीच्या डोळ्यांत बघितलं. बोली कळत नव्हती तरी तो पंजा कळला असावा. मुलीनं बऱ्याच वेळानं हात ठेवला. ते गेल्यावर मावशी म्हणाली, “लाइनीतला मधला अन् लग्नातला मधला, दोघाईचे बूट सारखेच चमकतेत. पोरींचा भाव वाढला म्हंतेत लोक. वाढला असन. पन पोरीच्या हातात काय आलं, सांग. हिरव्या बांगड्या.”

त्या मुलीच्या हातात गेल्या त्या साध्या, रोजच्या बांगड्या. गाडीच्या तळाशी एक खोका असायचा, मऊ फडक्यात गुंडाळलेला. त्यात नवरीचा चुडा होता. गर्द हिरवी काच, अगदी वरच्या प्रतीची. दरवर्षी मावशी तो चुडा बदलून नवा आणायची, जुना मोडीत घालायची. विकला एकदाही गेला नाही. गावात तिच्याबद्दल जुन्या बायकांना ठाऊक होतं. त्या रोजच्या बांगड्या तिच्याकडून भरायच्या, पण घरात लग्न निघालं की नवरीच्या चुड्याला दुसरीला बोलावणं जायचं. मावशीला त्याचा राग नव्हता. फक्त खोका कुणाला हलवू द्यायची नाही.

मधल्या काळात मला एक स्थळ आलं. साखरखेर्ड्याकडचा माणूस, बायको वारलेली, टेम्पो होता. स्टँडवर माल उतरवायला यायचा. “पाट लावू,” म्हणाला. मी हो म्हणायच्या बेतात होते. एकटीचं भ्या माणसाला कशालाही हो म्हणायला लावतं. मावशीनं त्याला गाडीसमोर गिऱ्हाइकाच्या पाटावर बसवलं, पंजा पुढं केला.

“धरू काय?”

तो हसला. “मले कायच्या बांगड्या भरता, मावशी?”

“हाव म्हन, नाई तं नाई म्हन.”

त्यानं हात दिला. भर बाजारात मावशी त्याची बोटं दाबत बसली, बायकांची दाबावी तशी. लोक बघायला लागले. “हिले ताप आला तं चहा कोन करन?”

“करीन मी. त्यात काय.”

“चांगलं हाय. घर कोनाच्या नावावर?”

“भावाच्या अन् माह्या.”

“अन् हे उद्या म्हने, मले नाई राहाचं, तं जाऊ देशीन?”

“जाईनच कायले हे? पोटाले घालीन, कपडालत्ता करीन...”

“जाईन का नाई ते नाई इचारलं. जाऊ देशीन काय?”

त्यानं हात सोडवून घेतला. नंतर त्याचा टेम्पो स्टँडच्या पलीकडच्या बाजूला उभा राहायला लागला. मला दोन दिवस मावशीचा राग आला होता. तिनं तो येऊ दिला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मानूस वाईट नोहता. ‘हाव’ म्हनला असता तं मीच चुडा भरला असता तुले.”

दर संक्रांतीच्या आधी मावशी धामणगाव बढ्याच्या बाजाराला जायची. दोन गाड्या बदलून, पत्र्याची पेटी घेऊन. वाटेत जवळचे कितीतरी बाजार सोडून. मला कोडं वाटायचं, कारण भाड्यातच नफा जायचा. पहिल्या वर्षी मी सोबत गेले. पोतं अंथरून बसलो. विक्री चांगली होत होती, पण मावशीचं लक्ष नव्हतं. दुपारी एक ठसठशीत म्हातारी आणि तिच्यामागं पन्नाशीची सून अशा दोघी आल्या. म्हातारी म्हणजे पार्वताबाई, सून वच्छला.

“कश्या देल्या?” पार्वताबाईंनी विचारलं.

“साठ रुपये डझन.”

“अवं माय! सोन्याच्या हायेत काय?”

“सोन्याच्या असत्या तं मी उन्हात बसली असती काय, बाई?”

“चाळीस.”

“चाळीसमंधी निस्ता रंग येते, काच नाई येत.”

“राहू द्या ना आत्याबाई,” सून हळू म्हणाली, “घेऊ त्या साठनं.”

“तू उगी राय. मले समजते बाजार.”

असं बराच वेळ चाललं. अखेर पन्नासवर जमलं. मावशीनं पंजा पुढं केला. “धरू काय, बाई?” वच्छलाबाईंनी मान हलवली.

इतका वेळ लावून मावशीनं कुणाच्याही हातात बांगड्या भरलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. एक बांगडी चढवली की थांबायची. बोटं चोळायची, तळहात उलटा करून बघायची. अंगठ्याच्या हाडाशी बांगडी अडकली की मुद्दाम तिथंच रेंगाळायची. सासू पिशवी सावरत उभी. सून खाली बघत होती. भरून झाल्यावर वच्छलाबाई वाकल्या, आणि रीतीचा नमस्कार जेवढा असतो त्याहून थोडा अधिक वेळ त्यांचं डोकं खाली राहिलं.

परतीच्या गाडीत मावशी खिडकीकडं बसली. गाव मागं पडल्यावर म्हणाली, “धाकटी बहीन हाय माही.”

मग तिनं सगळं सांगितलं, खिडकीबाहेर बघत, शेतं मोजल्यासारखं. मावशीचं स्वतःचं लग्न झालं होतं. हुंड्यातलं राहिलेलं बापाकडून सुटेना म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी आणून घातलं. घरात बसून खाणारी, टाकलेली थोरली. ओळखीच्या एका बाईबरोबर ती कामाला म्हणून गेली आणि लाइनीत पोचली. “मले कोनी पोत्यात घालून नेलं नोहतं. समजून गेली. तवा बावीसची होती.” पैसे घरी पाठवायला लागली. बाप घेत होता, कुठून येतात ते विचारत नव्हता. “इचारलं असतं तं घेता आलं नसतं त्याले.”

वच्छलाचं लग्न ठरत नव्हतं. लोकांना वास लागला होता की यांची थोरली कुठं आहे ते सांगत नाहीत. बापानं सांगून टाकलं, ती मेली. तरी वास जाईना, म्हणून जास्त सोनं कबूल केलं.

“आता पाह्य,” मावशी माझ्याकडं वळली. “मी कमावून राह्यली म्हनून वच्छीचा हुंडा वाढला. अन् हुंडा वाढला म्हनून मले आनखी कमवाव लागलं. कुठून सुरू झालं अन् कुठी संपते, लय इचार केला म्या. सापडत नाई.”

“लग्नाला गेली होतीस?”

“मेलेलं मानूस लग्नाले जाते काय? गावच्या फाट्यावर बसली होती. मांडवातला लाउडस्पीकर तथवर ऐकू ये. मंगलाष्टकं ऐकली. मंग त्यावर कोनीतरी हाका मारे, ‘चला, बसून घ्या, पंगत बसली, कोनी उपाशी जाऊ नका.’ लय येळ मारत होता तो. मले भूक लागली होती. फाट्यावरचे भजे खाल्ले उभ्यानं अन् गाडी धरली.”

एवढं बोलून तिनं पदर तोंडावर घेतला आणि झोपल्यासारखं केलं. मी विचार करत बसले, सुमनच्या लग्नात बापानं माझ्याबद्दल काय सांगितलं असेल.

मी तिच्याकडं आले त्याला आता बरीच वर्षं झाली होती. दर संक्रांतीला तेच. तीच घासाघीस, तोच पंजा, तोच नमस्कार. मला वाटायचं, हे असंच चालणार.

मग एका दुपारी पार्वताबाई एकट्याच आमच्या स्टँडवर उतरल्या. काठी टेकत थेट गाडीपाशी आल्या. मावशीच्या हातातली बांगडी तशीच राहिली.

“वळखलं काय?”

“हाव ना. लय भाव करता तुम्ही.”

“नातीचं लग्न जमलं. वच्छलाच्या पूजाचं. चुडा भराले या.”

“तुमच्या गावात चुडेवाली नाई काय?”

“हाय. बाकीच्या बायाईले ते भरन. पूजाच्या हातात तुम्ही भरा.” त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“ते घरचीच हाय,” मावशी म्हणाली. “बोला.”

“वच्छलाचा अंगठा अन् तुमचा अंगठा एकाच साच्यातला हाय. पहिल्याच वर्सी पाह्यलं म्या, मंग चौकशी केली. मी म्हातारी हाय, आंधळी नाई.”

मावशीनं हातातली बांगडी खाली ठेवली. स्टँडवर कंडक्टर ओरडत होता. मग ती म्हणाली, “समजलं होतं, तरी साठचे चाळीस करत होत्या?”

“भाव नसता केला तं येळ कसा गेला असता? दोन मिंटात बांगड्या भरून उठून गेली असती ते.” पार्वताबाई पाटावर बसल्या. “सोनं घरात आलं तवाच मले डाउट आला होता. तुमच्या बापाकडं दोन एकर बी नोहती. म्या इचारलं नाई. इचारलं असतं तं वापस कराव लागलं असतं. घरात माह्या बी पोरी होत्या लग्नाच्या. ते सोनं त्याईच्या अंगावर गेलं.”

मला तिथून उठावंसं वाटत होतं, पण टिकल्यांची पाकिटं लावत बसले.

“पन एक हाय,” पार्वताबाई म्हणाल्या. “चुडा भरला का निघा. जेवनाले थांबू नका. नवरदेवाकडचे मलकापुराचेच हायेत. त्यातल्या कोन्या बुढ्यानं वळखलं तं पोरीचं नुकसान होईन.”

“हाव,” मावशी म्हणाली. “नवरीच्या चुड्याचा भाव करत नाई ना तुमच्याकडं?”

“नाई. चुडेवाली मांगन ते देतो.”

“मंग काय मांगाचं ते मी तथीच सांगीन.”

पार्वताबाईंनी तिच्याकडं नीट बघितलं, आणि काठी घेऊन उठल्या.

लग्नाच्या दिवशी जाताना मावशीनं खोका मांडीवरून खाली ठेवला नाही. मी विचारलं, “मावशी, काय मागणार हाईस?”

“पाहू.”

“पोरीचं लग्न मोडंल बघ. उगं भ्या वाटतंय मला.”

“तुले कवा वाटत नाई?” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “मलेबी भेव लागून राह्यलं वं. उगी बस आता.”

घर बायकांनी भरलेलं. पूजाला मधल्या खोलीत पाटावर बसवलेलं. वच्छलाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. आत येत नव्हत्या, जातही नव्हत्या. मावशीनं फडकं सोडलं. हिरवी काच बघून बायका जवळ सरकल्या. पंजा पुढं झाला.

“धरू काय, बाई?”

पूजा हसली. “हाव ना, धरा.”

तिचाही अंगठा तसाच होता. मावशीनं तो बघितला, क्षणभर दाबून धरला, आणि मग बांगड्या अशा चढवल्या की एकही वाढली नाही. वरची एक भरली. पूजा वाकली. या वेळी मावशीनं दुसरीकडं बघितलं नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“बोला,” पार्वताबाई म्हणाल्या. “काय द्याचं?”

खोलीत नवरदेवाकडच्याही बायका होत्या. मावशी पेटी आवरत राहिली. मला वाटलं, आता ही म्हणणार, मी हिची सख्खी मावशी. म्हणाली असती तर खोटं नव्हतं. दारातल्या ताटातलं निरांजन हलत होतं.

“भूक लागली,” मावशी म्हणाली. “जेवून जाईन.”

पार्वताबाईंनी श्वास सोडला. “इथीच ताट आनते.”

“नाई. पंगतीत बसीन.”

मलकापूरकडची एक बाई पुढं वाकून म्हणाली, “कोन वं ह्या?”

पार्वताबाई तिच्याकडं वळल्या. “आमच्या घरची चुडेवाली. चुडेवाली पंगतीत जेवल्याबिगर चुडा लाभत नाई.”

असा रिवाज मी कधी ऐकला नव्हता. मावशीनंही नसावा. म्हातारीनं तो उभ्या उभ्या केला. मग तिनं मावशीपुढं हात केला आणि तिला उठवून मांडवात नेलं.

मांडवाच्या एका अंगाला बुफेची टेबलं होती, पण बायकांची पंगत खालीच बसली होती. मावशी सतरंजीवर बसली, दुखऱ्या गुडघ्यांची मांडी घालून. मी तिच्या शेजारी. लाउडस्पीकरवर कुणी तरी हाका मारत होतं, “चला, बसून घ्या.” पलीकडच्या टेबलांशी नवरदेवाकडचे म्हातारे उभे होते. त्यातल्या एकानं आमच्या दिशेनं बघितलं आणि बघत राहिला. मी घास हातात धरून बसले. मावशीनं पदर पुढं ओढला नाही. तिनं बट्टी कुस्करली, वरण घातलं आणि खाल्लं. त्या म्हाताऱ्यानंच नजर वळवली. ओळख सांगायची तर त्याला स्वतःचीही सांगावी लागली असती.

मावशी गेली ती पुढच्या पावसाळ्यात, चार दिवसांच्या तापात. मला मात्र तिची आठवण येते ती त्या पंगतीतलीच. बुंदीचं भांडं घेऊन वच्छलाबाई ओळीत वाढत येत होत्या. प्रत्येकीला रीतीचं म्हणत होत्या, “सावकाश होऊ द्या.” आमच्यापाशी आल्या. मावशीला वाढलं. म्हणाल्या, “सावकाश होऊ द्या.” इतक्या वर्षांत वच्छलाबाई मावशीशी थेट बोललेल्या मी ऐकलं ते एवढंच. त्या दोन पानं पुढं गेल्या आणि परत मागं आल्या. हातातला डाव बुंदीनं भरलेला होता. मावशीनं पुरे म्हणून ताटावर हात आडवा धरला. वच्छलाबाईंनी खाली वाकून ते मनगट, काही न विचारता, घट्ट धरलं, बाजूला केलं आणि वाढलं.